कट्टा भट्टीत बनते साहेब, काडतूस नाही

मा. गृहमंत्री साहेब,
महाराष्ट्र राज्य

साहेब नमस्कार, मी बुलडाणा जिल्ह्यातला, सातपुड्याच्या पायथ्याचा शेतकरी, पाच एकर वावर आहे, मका आन् तूर असते आन् रात्रभर डुकरं आन् रोही, म्हणजे नीलगाई. डोंगर ओलांडला की बुऱ्हाणपूर जिल्हा, मध्य प्रदेश.

काही वर्षांपूर्वी मी पीक राखायला भरमार बंदुकीचं, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासायच्या बंदुकीचं, लायसन मागितलं होतं. 1959 च्या आर्म्स अ‍ॅक्टमध्ये शेतकऱ्यासाठी तशी सोय आहे. सातबारा दिला, पोलीस चौकशी झाली, दोन वर्षं चकरा मारल्या, शेवटी नाही म्हणून सांगितलं. तेव्हा लय राग आला होता. आता वाटते जे झालं ते बरं झालं, घरात बंदूक असती तर धुऱ्याच्या एखाद्या भांडणात कोणाचा तरी हात तिच्याकडे गेलाच असता.

पण आमच्याच गावात गेल्या वर्षी एका पोट्ट्याचा बड्डे होता, चौकात बुलेटच्या सीटवर केक, डीजे, सगळ्यांचे मोबाईल वर, आन् एकानं कमरेतून रुमालात गुंडाळलेला कट्टा, म्हणजे गावठी पिस्तूल, काढलं. मी म्हटलं अरे ठेव ते, तर म्हणते "काका, कायले भेता, वरतेच मारतो ना." वर गेलीच नाही गोळी. माझ्या भाच्याच्या मांडीत घुसली. बारा वर्षांचं लेकरू, अजून पाय ओढत चालते.

तो कट्टा मी जवळून पाहिला साहेब. पाईप कापून केलेली नळी, मुठीला लाकडाच्या दोन फळ्या, वरून काळी टेप. ना नंबर ना कागद. दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी, "एक देशी कट्टा व दोन जिवंत काडतुसे जप्त", आर्म्स अ‍ॅक्टच्या कलम 3/25 ची, म्हणजे बिनलायसनचं हत्यार बाळगल्याची केस, पोट्टा जामिनावर बाहेर. त्यानं तो कोणाकडून घेतला हे आजपर्यंत कोणीच आम्हाला सांगितलं नाही.

कायदा कडक केल्यानं फरक पडते हे मी मानतो. ऑस्ट्रेलियात 1996 ला पोर्ट आर्थरमध्ये 35 माणसं मारली गेली, सरकारनं कायदा बदलला, पैसे देऊन साडेसहा लाखाच्या आसपास बंदुका परत घेतल्या, आन् पुढं तिथं बंदुकीनं मरणारे कमी झाले. पण तिथल्या बंदुका बहुतेक दुकानातून घेतलेल्या होत्या, लोकांनी आणून दिल्या. आपल्याकडे एनसीआरबीचे, म्हणजे केंद्राच्या गुन्हे नोंदणी विभागाचे आकडे दरवर्षी सांगतात की बंदुकीनं झालेल्या बहुतेक खुनांत हत्यार बिनलायसनचं असते. 2019 ला केंद्रानं कायदा कडक केला, बेकायदा हत्यार बनवणाऱ्या-विकणाऱ्याला 7 वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत, आनंदात बेफाम गोळीबार केला तर 2 वर्षांपर्यंत कैद नाहीतर 1 लाखापर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. लायसनवाल्याला ठेवता येणाऱ्या बंदुका तीनच्या दोन केल्या. लायसनवाला लगेच सापडते, त्याचा पत्ता कलेक्टर ऑफिसात असते, निवडणूक आली की तो बिचारा बंदूक ठाण्यात जमा करते. कट्टेवाल्याचा पत्ता कुठं आहे?

एक गोष्ट मात्र कागदावर असते साहेब, काडतूस. कट्टा कोणीही भट्टीवर बनवते, पण काडतूस सहसा कारखान्यातलंच लागते, त्याच्या बुडाला शिक्का असते, आन् ते पुष्कळदा लायसनच्या दुकानातून, नाहीतर कोण्या लायसनवाल्याच्या कोट्यातून निघालेलं असते. कडकपणा तिथं लावा. दुकानाचं रजिस्टर तपासा, लायसनवाल्याकडून रिकाम्या पुंगळ्यांचा, म्हणजे उडवलेल्या काडतुसांच्या टोपणांचा हिशोब मागा, माझ्यासारखा शेतकरी असला तरी मागा. जप्त झालेल्या प्रत्येक काडतुसाचा शिक्का लिहून घ्या आन् ते कोणत्या दुकानातून आलं ते शोधा, मध्य प्रदेश पोलिसांना सोबत घेऊन शोधा. डुकरांसाठी म्हणाल तर आम्हाला बंदूक नको, वावराला कुंपण द्या आन् नुकसानीचे पैसे वेळेवर द्या.

भाच्याच्या मांडीतून काढलेली गोळी पोलिसांकडे जमा आहे, सोबत पकडलेली दोन जिवंत काडतुसं पण. त्या काडतुसांच्या बुडावर काय लिहिलं आहे, तेवढं कोणाला तरी वाचायला लावा.

आपला,
सातपुड्याच्या पायथ्याचा एक शेतकरी