आईची बाजू समजावून सांगणाऱ्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

पोळ्यानंतर आईला घेऊन मी आपल्या आरोग्य केंद्रात आलो, तेव्हा दिवसभर निंदणाला जाणाऱ्या आणि रात्रीची भाकर सोडलेल्या बाईचे वजन का उतरत नाही, असे मी जरा रागातच विचारले होते. त्याआधी एका ठिकाणी ‘तोंडावर ताबा ठेवा’ एवढेच ऐकून ती रडत घरी आली होती. बाहेर रांग असतानाही आपण केसपेपरच्या पाठीमागे चित्र काढून उत्तर दिलेत, त्यासाठी हे पत्र.

चरबी म्हणजे नुसते कोठार, अशी माझी समजूत होती. तिच्यात अनुकंपी चेतातंतू, म्हणजे आपल्या इच्छेविना चालणाऱ्या मज्जासंस्थेचे धागे, पसरलेले असतात, मेंदूचा आदेश आला की त्यांतून नॉरॲड्रेनॅलिन हे निरोप पोचवणारे रसायन पाझरते आणि त्यामुळे मेदपेशी आपला साठा मोकळा करतात, हे मला आपल्याकडूनच कळले. त्याहून नवल पुढचे: एरवी जंतू आणि मेलेल्या पेशी गिळणाऱ्या मॅक्रोफेज पेशींपैकी काही या तंतूंना बिलगून राहतात, तेच नॉरॲड्रेनॅलिन आत ओढतात आणि मोनोअमाइन ऑक्सिडेज या विकराने मोडून टाकतात. विहिरीचे पाणी दांडातल्या गवतानेच पिऊन टाकले तर पऱ्हाटीपर्यंत काय पोचणार, असे आपण विचारलेत आणि आईने लगेच मान हलवली.

पोर्तुगालमधील ॲना डोमिंगोस यांच्या गटाला लठ्ठ उंदरांच्या चेतातंतूंत या पेशी वाढलेल्या आढळल्या, आणि नॉरॲड्रेनॅलिन आत ओढण्याची त्यांची वाट बंद केल्यावर उंदरांचे वजन उतरले, हे 2017 सालचे काम. त्याच वर्षी येल विद्यापीठातील विश्वदीप दीक्षित यांच्या गटाने, म्हाताऱ्या उंदरांची चरबी उपासातही नीट का सुटत नाही, याचा माग अशाच पेशींपर्यंत नेला. हे सगळे उंदरांमधले आहे, आईच्या अंगात नेमके हेच घडते असे म्हणता येत नाही, गोळ्या आणि चालणे सोडायचे नाही, हेही आपण दोनदा बजावलेत. खोटी आशा लावली नाहीत, याचे मोल मला जास्त वाटते.

आईची साखर अजून थोडी वाढलेलीच असते. पण परवा तपासणीच्या वेळी वजनकाट्यावर ती पहिल्यांदाच मान खाली न घालता उभी राहिली.

आपला कृतज्ञ,
एक शेतकरी, यवतमाळ जिल्हा