खुले पत्र : ह्यांच्या औषधावरचा तो एक डॉलर

मा. वित्तमंत्री, कॅनडा सरकार, ओटावा यांस,

सा. न. वि. वि.

मंगळवारी ह्यांच्या औषधी गांजाचं पार्सल आलं. आत नेहमीचे डबे आणि एक चिठ्ठी. वैद्यकीय ग्राहकांचं उत्पादन शुल्क आजवर कंपनी स्वतः भरत होती, या महिन्यापासून ते ग्राहकाने भरायचं. नाव नोंदवताना फोनवर मला सांगितलं होतं, "हे शुल्क तुमच्यावर कधीच येणार नाही." तो शब्द तीन वर्षं टिकला. पण कंपनीशी भांडून काय करू? शुल्क तिने बसवलेलं नाही, सरकारने बसवलंय.

माझ्या यजमानांना मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांचा आजार आहे. रात्री पाय लाकडासारखे ताठ होतात, पोटऱ्यांत गोळे येतात. बॅक्लोफेन या स्नायू सैल करणाऱ्या औषधाने थोडं उतरतं, पण झोप लागते ती गांजानेच. डॉक्टरांच्या कागदावर रोज एक ग्रॅम, महिन्याचे 30. पाच डॉलरप्रमाणे दीडशे, वर शुल्काचे निदान तीस, आणि या सगळ्या बेरजेवर 13 टक्के एचएसटी, म्हणजे इथला विक्रीकर. करावरही कर! बिल दोनशे तीन डॉलरच्या पुढे गेलं. बॅक्लोफेनवर मात्र एचएसटी शून्य. डॉक्टर तेच, दुखणं तेच, पाय तेच. गांजाला सरकारी औषध क्रमांक नाही म्हणून आमचा विमाही एक पैसा देत नाही.

महोदय, हे शुल्क ठरलं 2017 साली. ग्रॅमला एक डॉलर किंवा उत्पादकाच्या किमतीच्या 10 टक्के, यातलं जे जास्त असेल ते. तेव्हा गांजा दहा डॉलर ग्रॅमने विकला जाईल असा हिशेब होता, म्हणून एक डॉलर म्हणजे दहावा हिस्सा. आज दुकानात मोठी पिशवी घेतली तर ग्रॅम चार डॉलरच्या आत पडतो. भाव खाली आला, डॉलर जागचा हलला नाही. पिकवणाऱ्याला तीन डॉलर मिळत असतील तर त्यातला एक तुमचा. मग भाव आणखी कुठून उतरणार?

आणि तुम्ही एकटे नाही. त्या डॉलरमधले 25 सेंट केंद्राचे, 75 प्रांताचे. शिवाय परवानाधारक कंपनीच्या उत्पन्नावर 2.3 टक्के वार्षिक फी. इथे ओंटारिओत दुकानात जाणारा माल प्रांताच्या घाऊक मंडळाकडूनच जायचा, म्हणजे त्यांचा नफा वेगळा. डब्यावर चिकटवायचा शुल्काचा शिक्का प्रत्येक प्रांताचा वेगळा, रंग वेगळा. ओंटारिओचा शिक्का लावलेला डबा क्वेबेकमध्ये चालत नाही. शिक्क्यांचे हे ढीग सांभाळणाऱ्या माणसाचा पगारसुद्धा शेवटी ह्यांच्या डब्यातूनच निघतो.

17 ऑक्टोबर 2018 ला गांजा कायदेशीर करणारा कायदा लागू झाला, तेव्हा गुन्हेगारांच्या हातून हा धंदा काढून घेऊ असं तुमच्या सरकारने सांगितलं होतं. 2019 च्या शेवटी तुमच्याच सांख्यिकी खात्याचे आकडे काय होते? कायदेशीर ग्रॅम 10.30 डॉलर, बेकायदा 5.73. निम्म्याच्या जवळ! आजाऱ्याला चोराच्या दारात कोणी ढकललं?

मी मूळची नगरची. इंग्रजांच्या काळात आमच्या जिल्ह्यात गांजा परवान्याने पिकायचा. 1893-94 मध्ये इंग्रज सरकारने नेमलेल्या आयोगानेही बजावलं होतं की कर लावा, पण इतका नको की चोरटा माल फोफावेल किंवा लोक धोत्र्यासारख्या घातक नशेकडे वळतील. सव्वाशे वर्षांपूर्वी जे कळलं होतं, ते ओटावात बसून तुम्हाला कळत नाही?

हे पत्र मराठीत लिहितेय, कारण ब्रॅम्प्टन-मिसिसागातल्या कितीतरी मराठी घरांत हेच चाललंय आणि कोणी तोंड उघडत नाही. गणपतीत ह्यांना कोणी विचारलं, "हल्ली बरे दिसता, काय घेता?" तर मी सांगितलं, आयुर्वेदिक तेल. गांजा म्हटलं की माणसं मागे सरतात. आमच्या याच लाजेवर तुमचं सगळं चालतं. आजारी माणूस मोर्चा काढत नाही, त्याची बायकोही काढत नाही, हे या देशात प्रत्येक खात्याला पक्कं ठाऊक आहे. डॉक्टरची वेळ मिळायला महिने, स्कॅनला महिने, कर मात्र त्याच दिवशी वसूल.

वर्षाअखेर वैद्यकीय खर्चावर करात सवलत मिळते, हे मला सांगू नका. ती एप्रिलमध्ये, आणि पाय आखडतात आज.

माझी मागणी एवढीच. डॉक्टरांच्या कागदावर मिळणाऱ्या गांजावरचं शुल्क आणि एचएसटी दोन्ही काढा. इतरांसाठी तो एक डॉलर रद्द करून फक्त 10 टक्के ठेवा.

ह्यांनी मला न विचारता मंगळवारपासून अर्धा ग्रॅम केलाय. काल रात्री दोन वाजता मी त्यांच्या पोटऱ्या चोळत बसले होते. ते म्हणाले, "राहू दे, तू झोप."

एका रुग्णाची पत्नी,
ब्रॅम्प्टन, ओंटारिओ