दुचाकीमागे नाव ओढायची तर आधी जोडणी सुधारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

निपाणी-चिकोडी भागात कृष्णा, दूधगंगा, वेदगंगेला पाणी चढलं की कारदगा-भोज, मलिकवाड-दत्तवाड, कल्लोळ-येडूर हे रहदारीचे बंधारे पाण्याखाली जातात आणि मळ्यातल्या वस्त्यांना वैरण, दूध, औषधं नेण्यासाठी छोट्या नावेची गरज पडते. (ही नाव शिवारात पसरलेल्या संथ पाण्यासाठी. नदीच्या धारेत ती कुणीही घालू नये.) नाव असते एका गावात, हवी असते दुसऱ्या गावात. मग दोन चाकांवर पाइपचा सांगाडा ठेवून तो मोटरसायकलच्या कॅरियरला बोल्टनं अडकवला जातो. आम्ही सीमाभागात फॅब्रिकेशन, गॅरेज आणि मासेमारी करणारी मंडळी आहोत. पाऊस सुरू होण्याआधी या कामातल्या चुका लोकांपर्यंत पोहोचाव्यात म्हणून हे पत्र.

शंभर सीसीची गाडी नाव ओढते, यात शंका नाही. अडचण थांबवताना आणि वळताना येते. ट्रेलरचं वजन त्याच्या स्वतःच्या चाकांवर असतं आणि त्या चाकांना ब्रेक नसतो, त्यामुळे सगळं थांबवायचं काम गाडीच्या दोन टायरांवर पडतं. १४० किलोची (१५० सीसीची) गाडी, ७० किलोचा चालक आणि मागे ८० किलो, असा हिशेब धरला तर थांबायचं अंतर जवळपास ४० टक्क्यांनी वाढतं. वळणावर गाडी कललेली असताना ब्रेक दाबला, तर ट्रेलर मागून ढकलतो आणि गाडीचं शेपूट बाहेर फेकलं जातं. म्हणून वेग वळणाआधी, गाडी सरळ असतानाच कमी करायचा. पक्क्या सरळ रस्त्यावरही ताशी ३० किलोमीटरच्या वर जाऊ नये, आणि मागे माणूस तर मुळीच बसवू नये.

वजनाची मर्यादा किती? ब्रिटनमधला नियम उपयोगी आहे. तिथं १२५ सीसीपेक्षा मोठ्या गाडीलाच ट्रेलर लावता येतो. भरलेल्या ट्रेलरचं वजन १५० किलो किंवा गाडीच्या वजनाच्या दोन तृतीयांश, यातलं जे कमी ते. रुंदी १ मीटरपर्यंत, आणि गाडीच्या मागच्या आसापासून ट्रेलरच्या टोकापर्यंत २.५ मीटर. या मापात सात फुटांपेक्षा मोठी नाव बसत नाही. सात फूट बाय तीन फुटांची १८ गेज पत्र्याची नाव अँगलसकट ५० किलोच्या आसपास जाते, फायबरची ३२ किलोच्या. ट्रेलरचे आणखी २८ धरा. म्हणजे पत्र्याची नाव ७८ किलो, फायबरची ६०. आपल्याकडची शंभर सीसीची गाडी ११० किलोची असते, तिची मर्यादा येते ७३. आमचं स्पष्ट मत आहे की पुढे डिस्क ब्रेक असलेल्या, किमान १५० सीसीच्या गाडीशिवाय हे काम करूच नये.

सगळ्यात जास्त चुका जोडणीत होतात. कॅरियर आणि मडगार्ड हे ओढण्यासाठी बनवलेले भाग नाहीत. कॅरियरच्या वेल्डिंगला तडा जातो आणि तो आधी दिसत नाही. ओढ चेसिसवर आली पाहिजे. दोन्ही बाजूंना ३२ बाय ६ मिमीची पट्टी घ्यावी. ती खाली मागच्या फूटरेस्टच्या बोल्टला आणि वर शॉकअब्सॉर्बरच्या वरच्या बोल्टला बांधून त्रिकोण करावा, आणि टायरच्या मागे आडव्या पट्टीनं दोन्ही बाजू जोडाव्यात. बांधून झाल्यावर दोन माणसं बसवून शॉक पूर्ण दाबून बघा. टायर, चेन किंवा सायलेन्सर कुठंही घासता कामा नये. हुकाची उंची मागच्या आसाच्या बरोबरीनं ठेवावी, वर नको.

दुसरी चूक म्हणजे एकच उभा बोल्ट. चारचाकीला तो चालतो, कारण चारचाकी वळताना कलत नाही. मोटरसायकल कलते. तेव्हा बोल्ट अडतो, ट्रेलरचं एक चाक उचललं जातं नाहीतर गाडी जबरदस्तीनं सरळ केली जाते, आणि थोड्याच दिवसांत भोक लांबट होतं. वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलण्यासाठी जीपच्या शाफ्टचा जुना क्रॉस (युनिव्हर्सल जॉइंट) वापरावा. गाडीला कलता यावं म्हणून त्याच्या मागे २० मिमीचा रॉड बुशमध्ये मोकळा फिरेल असा बसवावा आणि त्याच्या टोकाला खाचांचा नट व कॉटर पिन लावावी. नुसत्या चेकनटवर भरवसा नको. खालून दोन साखळ्या एकमेकींना छेद देऊन बांधाव्यात. जोडणी तुटलीच तर ट्रेलरची पुढची दांडी त्यांच्यावर पडते, रस्त्यात रुतत नाही.

दांडीवर एकूण वजनाच्या आठ ते दहा टक्के भार हवा, म्हणजे ६० किलोला पाच-सहा किलो. ताणकाट्याला दांडी अडकवून, ती हुकाच्या उंचीवर धरून मोजता येतं. भार कमी पडला तर ट्रेलर झोले खातो आणि वेग वाढवला की झोले वाढतात. जास्त झाला तर गाडीचं पुढचं चाक हलकं होतं. वल्ही, दोर, जाळी आसाच्या पुढे बांधावी. छोटं इंजिन असेल तर ते नावेच्या मागच्या फळीवर अडकवून नेऊ नये.

नाव पालथी न्यावी. उताणी ठेवली आणि सात फुटी नावेत एक इंच पावसाचं पाणी साचलं, तर ते जवळपास ५० लिटर होतं. म्हणजे नावेचं वजन दुप्पट ते अडीचपट होतं आणि ते पाणी मागं-पुढं हिंदकळतं. बांधायला नायलॉनचा दोर नको, तो ओला झाला की सैल पडतो. २५ मिमीचे रॅचेट पट्टे चार ठिकाणी लावावेत.

चाकं स्कूटरची दहा इंची घ्यावीत. ट्रेलर कलत नाही, त्यामुळे वळताना सगळा जोर चाकाच्या बाजूवर येतो आणि सायकलच्या तारा तो सोसत नाहीत. हवा २० पीएसआयच्या आसपास पुरे, जास्त भरली की हलका ट्रेलर उडतो. एक गोष्ट चालकाच्या ध्यानात राहत नाही: गाडी खड्डा चुकवते, पण ट्रेलरची चाकं तिच्या दोन्ही बाजूंना दीड-दीड फुटावर चालतात आणि खड्ड्यात तीच जातात.

घाटावर गाडी मुरमावरच थांबवावी. पूर ओसरल्यावर काठावर जो गाळ बसतो त्यात दुचाकी नेली की ती रुततेच. ट्रेलर सोडून दोघांनी हातानं फळ्यांवरून उतरवावा. पाण्यात घालण्याआधी दिव्याची वायर काढावी आणि चाकांचे हब निवू द्यावेत. गरम हब गार पाण्यात बुडाला की आत पाणी ओढतो, ग्रीसचं दूध होतं आणि बेअरिंग जातं. दोन्ही बाजूंना रबर सील असलेली बेअरिंग थोडी महाग पडतात, पण टिकतात.

आता कायद्याचं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलरही मोटार वाहनाच्या व्याख्येत येतो, आणि कलम ३९ प्रमाणे नोंदणी नसलेलं वाहन सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर कलम ५२ ची बंधनं आहेत. म्हणजे गॅरेजमध्ये बनवलेला असा ट्रेलर आज डांबरी रस्त्यावर नेणं बेकायदेशीर ठरतं, आणि अपघात झाल्यास विम्याचे पैसे मिळण्याची आशा धरू नये. नोंदणीची सोय होईपर्यंत सात फुटी नाव छोट्या हत्तीच्या (टाटा एस टेम्पोच्या) हौद्यातून न्यावी आणि ट्रेलर मळ्यातल्या खासगी वाटेपुरता ठेवावा. राष्ट्रीय महामार्गावर किंवा वंटमुरीच्या घाटात तर तो कधीच नेऊ नये.

बेळगाव आणि चिकोडीच्या आरटीओंकडे आमची मागणी आहे की दुचाकीच्या ट्रेलरची नोंदणी होऊ शकते का, होत असेल तर कोणत्या मापाची, कोणत्या दिव्यांसह आणि कोणत्या तपासणीनंतर, हे मराठी व कन्नड दोन्ही भाषांत लेखी जाहीर करावं. होत नसेल तर तेही तितकंच स्पष्ट लिहावं. आणि पूरग्रस्त गावांच्या पंचायतींनी नावा घाटाजवळच ठेवण्याची सोय मे महिन्यात करावी, म्हणजे ऐन पावसात त्या रस्त्यानं ओढायची वेळच येणार नाही.

आपले,
निपाणी-चिकोडी भागातील काही फॅब्रिकेटर, मेकॅनिक व मच्छीमार