मंत्रिमहोदय, हे लाखाचे पगार नाशकात नेमके कुठे मिळतात?

मा. मंत्रिमहोदय,
सविनय नमस्कार.

गेल्या रविवारी आपण आमच्या नाशकात रोजगार मेळाव्याला आलात, आनंद वाटला. भाषणात म्हणालात, "आजची पोरं पंचविशीतच महिन्याला लाख-लाख घेतात, फक्त जिद्द पाहिजे." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, सवयीने. रात्री जेवताना वडिलांनी विचारलं, "मग तुझंच घोडं कुठं अडलंय?"

घास तसाच ताटात राहिला, साहेब.

वडील सातपूरला तीस वर्षं टर्नर. दहावी पास, पण कायम. युनियन होती, दिवाळीला बोनस होता, त्यातूनच सिडकोत घर झालं. मी मेकॅनिकल इंजिनिअर. अंबडच्या कारखान्यात क्वालिटी विभागात, ठेकेदारामार्फत. हातात १९,४०० येतात. दर अकरा महिन्यांनी मी कागदावर नवीन माणूस होतो.

परवा कॉलेजच्या ग्रुपवर हिशोब मांडला. साठ जणांत महिना लाखाच्या वर तिघे. एक बंगळुरूला, दोघे हिंजवडीत. नाशकात एकही नाही. (एकाने सांगितलं नाही, तो बहुतेक घरीच आहे.) कॉलेजच्या फ्लेक्सवर मात्र तेच तिघे हसतायत आणि त्यांच्याकडे बघून नवे आईबाप फी भरतायत. ते पॅकेजही कंपनीच्या वाट्याचा पीएफ, ग्रॅच्युइटी, मिळाला तर मिळाला असा बोनस धरून फुगवलेलं. आयटीत नव्याने लागणाऱ्याचा वर्षाला साडेतीन लाखांचा आकडा दहा-बारा वर्षं जवळजवळ तिथेच आहे. खोलीभाडं तेवढं थांबलं नाही.

आणि ही माझ्या एकट्याची रड नाही. तुमच्याच सरकारी श्रमशक्ती सर्वेक्षणात २०२३-२४ साली पगारदाराची महिन्याची सरासरी कमाई वीस-एकवीस हजारांच्या घरात होती. सरासरी! म्हणजे त्यात ते लाखवालेही आले. बारा लाखांपर्यंत आयकर नाही म्हणून तुमच्या कार्यकर्त्यांनी पेढे वाटले. मला बारा लाख कमवायला पाच वर्षं लागतात. पेढा खाल्ला, गोड होता.

मुलीकडचे आता बायोडाट्यात आधी पॅकेज बघतात. दोन स्थळं त्यावरूनच गेली. त्यांना तरी काय बोलणार, तेही तुमचीच भाषणं ऐकतात.

'लाडका भाऊ' म्हणून पदवीधराला महिना १०,००० विद्यावेतन दिलंत. अकरा महिने संपले की भाऊ परत घरी. आयटी पार्कच्या घोषणा मी शाळेत असल्यापासून ऐकतोय. कायम नोकरी तुम्ही सगळ्यांनी मिळून, होय, आधीच्यांनीही, हळूहळू मोडीत काढलीत. ठेकेदार कुणाकुणाचे पाहुणे आहेत ते अंबडचा चहावालाही सांगेल. आणि वर आमच्यातच जिद्द नाही!

मागणी एकच. पुढच्या भाषणात सगळ्यात मोठा पगार सांगू नका, मधल्या पोराचा सांगा. म्हणजे निदान घरी जेवता येईल.

ता. क. मेळाव्यात आपल्या पीएंनी माझा बायोडाटा "साहेबांना दाखवतो" म्हणून घेतला होता. मंडपाबाहेर भेळवाल्याकडे त्याच गठ्ठ्यातला एक कागद दिसला. माझा नव्हता. माझा अजून तुमच्याकडे असेल तर परत पाठवा, मागची बाजू कोरी आहे.

आपला,
अंबडचा एक ठेक्यावरचा इंजिनिअर