आंबोसेलीच्या हद्दीबाहेर

नैरोबी

तीर्थरूप आबांस,
साष्टांग नमस्कार.

बिबट्याने गोठ्यातली शेळी नेल्याचे आपल्या पत्रातून कळले. पंचनामा झाला तरी रात्री उसाच्या कडेने जायची कोणाची छाती होत नाही, असे आपण लिहिले आहे. मी नुकताच किलिमांजारो पर्वताच्या उत्तरेला असलेल्या, केनियातील आंबोसेली राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात राहून आलो. तिथली माणसे हाच प्रश्न कसा हाताळतात, ते आपल्याला सविस्तर कळवावेसे वाटते.

उद्यान अवघे 392 चौरस किलोमीटरचे असून त्याला कुंपण नाही. डोंगरावरचे पाणी जमिनीखालून झिरपत येऊन आतल्या दलदली भरते, म्हणून कोरड्या दिवसांत हत्ती आणि झेब्रे तिथे गोळा होतात. पाऊस पडला की ते भोवतालच्या मसाई लोकांच्या चराऊ रानांत पांगतात आणि सिंहही त्यांच्यामागे जातात. साहजिकच या प्राण्यांचे जगणे बहुतांशी गुराख्यांच्या हाती आहे.

गाय मारली गेली की भाले घेऊन सिंहावर जायचे, ही जुनी रीत, आणि सिंह मारणाऱ्या तरुणाला मोठा मान. पुढे मेलेल्या गाईवर कीटकनाशक टाकण्याचे प्रकारही झाले, त्यात तरस आणि गिधाडेही मेली. 2003 मध्ये याच भागातल्या म्बिरिकानी येथे मारल्या गेलेल्या गुरांच्या भरपाईची योजना सुरू झाली. कोणी सिंह मारला तर त्याला दंड होतो आणि त्या भागातल्या सगळ्यांचीच भरपाई अडते, ही तिच्यातली अट मला फार मोलाची वाटते, कारण तिच्यामुळे शेजारीच शेजाऱ्याला आवरतो.

त्यानंतर ‘लायन गार्डियन्स’ या संस्थेने मसाई तरुणांनाच राखणदार नेमले, त्यांत पूर्वी सिंह मारलेलेही होते. असा एक तरुण मी काम करताना पाहिला. उंचवट्यावर उभा राहून तो हातातला अँटेना सावकाश फिरवत होता आणि सिंहिणीच्या गळ्यातल्या रेडिओ-पट्ट्याची टकटक कान देऊन ऐकत होता. दिशा पक्की होताच त्याने मोबाइलवरून गुराख्यांना सांगितले, आज ओढ्याकडे गुरे नेऊ नका. सिंहांना मसाई नावे हेच राखणदार ठेवतात, हरवलेली गुरे शोधतात, वाड्यांची काटेरी कुंपणे दुरुस्त करतात. सिंह मारून मिळणारा मान आता त्याला राखून मिळू लागला आहे, आणि माझ्या मते पैशापेक्षा याचाच परिणाम अधिक आहे. 2019 पासून ‘टीम लायनेस’ या पथकात मसाई मुलीही गस्त घालतात.

तरीही मे 2023 मध्ये लूनकीतो हा एकोणीस वर्षांचा सिंह गुरांच्या वाड्यात शिरला आणि भाल्याने मारला गेला. त्याच आठवड्यात त्या भागात एकूण दहा सिंह मारले गेले. दीर्घ दुष्काळाने गुरे संपवली होती. अशा वेळी उरलेली गाय गमावणाऱ्याला दोष देणे मला जमत नाही.

सध्याची मोठी चिंता जमिनीची आहे. सामाईक राने वाटली जाऊन वैयक्तिक तुकडे होत आहेत, आणि प्रत्येकाने कुंपण घातले तर हत्तींची वाट बंद होईल. म्हणून काही ठिकाणी मालकांना दरवर्षी भाडे देऊन त्यांची जमीन वन्यजीवांसाठी मोकळी ठेवली जाते.

राखणदारांचा वाडा-दुरुस्तीचा तपशील मी लिहून घेतला आहे, तो पुढच्या पत्रात पाठवतो. ग्रामसभेत तो वाचून दाखवावा, ही विनंती. आईस नमस्कार.

आपला आज्ञाधारक मुलगा