खानापूरच्या सुतार अण्णांना मनापासून

अण्णा, नमस्कार. पावसाच्या आधी आमच्या कौलांखालच्या लाकडी कैच्या बदलायला आलात, ते काम झकास झालंच, पण आभार मानायचेत ते चहाच्या वेळी माझ्या पोरीसाठी जे केलंत त्याचे.

पोरगी सहावीत, भूमिती म्हटलं की रडकुंडीला यायची. भुजा लांब म्हणजे कोन मोठा, असं तिच्या डोक्यात घट्ट बसलेलं. ट्यूशनच्या सरांना एवढी फी मोजली, त्यांनी ती गाठ कुठं आहे हे कधी बघितलंच नाही, उलट सगळ्या पोरांसमोर 'हिला गणित जमायचं नाही' म्हणून मोकळे झाले. अजून आठवलं की संताप होतो.

तुम्ही पडलेल्या दोन रिपा, म्हणजे लाकडी पट्ट्या, उचलल्या, टोकाशी एकच खिळा मारला आणि तिच्या हातात दिल्या, उघड-मीट कर म्हणालात. मग एक रीप करवतीनं अर्धी कापलीत आणि विचारलंत, "आता कोन कमी झाला काय गं?" आणि गप्प बसलात. चहा निवत होता, मी बोलणार तर हातानंच मला थांबवलंत. ती बघत राहिली, खिळ्यापाशी बोट लावलं आणि म्हणाली, "नाही, रीप लहान झाली, उघडलंय तेवढंच." अण्णा, ते तुमचं गप्प थांबणं मी विसरणार नाही.

पुढं तर तीच तुम्हाला सोडेना. तीन रिपांचा त्रिकोण कितीही दाबला तरी हलेना, चार रिपांचा चौकोन मात्र एका बोटानं कलंडला, बाजू तेवढ्याच पण काटकोन गेले, दोन कोन बारीक झाले आणि दोन रुंद. तिरकी रीप मारलीत तसा तोही घट्ट. तेव्हा तिचं तिलाच सुचलं, हे तर दोन त्रिकोण झाले, म्हणजे 180 दोनदा, म्हणून चौकोनाच्या चारी कोनांची बेरीज 360! पाठ केलेलं सगळं तिला त्या दिवशी दिसलं.

हुशार माणसं पुष्कळ भेटतात, पण लहान पोराला विचार करायला वेळ देणारं माणूस मिळायला नशीब लागतं, आणि आपल्या या सीमाभागात मराठी-कानडी वाद कितीही होऊ दे, असं माणूस दोन्हीकडं आहे म्हणून तर चाललंय सगळं.

आता गोठ्याचं फाटक एका अंगाला झुकलंय. तिरकी पट्टी कुठून कुठं मारायची ते पोरीनं खडूनं आखून ठेवलंय, तुम्हीच येऊन बसवा, आणि मजुरी या वेळी पूर्ण घ्यायची.