पाणी मारायचं काम तुम्ही घ्या

ती. आई-बाबांस सलाम,

चर्चच्या मंडळीनं शिरोळकडच्या कुटुंबाला घर बांधून द्यायचं ठरवलंय आणि तुम्ही दोघांनीही नावं दिलीत, हे कळलं. 'बाबा, विटा वाहू नका' एवढंच लिहिलं तर तुम्ही ऐकणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते. पाळकसाहेबांनाही वाचून दाखवा.

जमीन काळी आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरची भिंत तिच्यासोबत हलते. त्यामुळं पाया 'तीन फूट' असा आधीच ठरवून चालत नाही, मुरूम लागेपर्यंत खणायचं. खणलेला चर पुढच्या शनिवारपर्यंत उघडा ठेवू नका. एक वळीव आला की तळ चिखल होतो. लगेच तळाला चार इंच काँक्रीट टाकून घ्या.

मग येतो सगळ्यात मोठा मोह. चरातून निघालेली काळी माती शेजारीच ढिगानं पडलेली असते, फुकटची असते आणि तरुण संघाची पोरं ती हौसेनं जोत्यात भरून मोकळी होतात. नंतर फरशी उचलते. जोत्यात मुरूमच पाहिजे. २० बाय १५ फुटांच्या घराला अडीच फूट जोतं धरलं तर भिंतींची जाडी वजा जाता दाबून सव्वासहा ब्रास (ब्रास म्हणजे १०० घनफूट) बसतो, म्हणजे सुटा आठ ब्रास मागवा. सहा-सहा इंचांचा थर, त्यावर पाणी, मग धुम्मसानं ठोकून दाबणं. पोरांच्या ताकदीचं खरं काम हेच, भिंतीवर चढणं नव्हे.

शेजारच्या घरावर २०१९ किंवा २०२१ च्या पुराची खूण असेल. प्लॅस्टिकच्या नळीत पाणी भरून ती पातळी आपल्या जागेवर आणा. खूण छातीच्या वर गेली तर तेवढं जोतं परवडणार नाही, तो हट्ट सोडा. घरात पाणी येणार हे धरूनच बांधा. विजेचा बोर्ड आणि माळा खुणेच्या वर घ्या. मातीच्या मालात एकही वीट नको, कारण पुरात आधी बसतात त्या मातीच्याच भिंती. जोत्यावर एक आणि दार-खिडक्यांच्या डोक्यावर एक, अशा घराभोवती सलग फिरणाऱ्या काँक्रीटच्या दोन पट्ट्या हव्यात. चार सळ्या १० मिलिमीटरच्या, रिंगा सहा इंचांवर. कोपऱ्यात सळी संपवायची नाही, वळवून पुढच्या भिंतीत दोन फूट न्यायची. पैसे कमी पडले की समिती पहिल्यांदा या पट्ट्यांनाच कात्री लावेल. बाबा, तिथं तुम्ही उठून बोला. भूकंपातही भिंती धरून ठेवतात त्या याच पट्ट्या, आणि १९६७ चा कोयनेचा भूकंप आठवणारा समितीत कुणी तरी असेलच.

पाणी कुठलं वापरणार, हेही आताच विचारा. शिरोळच्या बऱ्याच रानांत क्षार वर आलाय. तसल्या बोअरचं पाणी काँक्रीटमध्ये गेलं तर आतली सळी गंजते, भिंतीला लोणा लागतो. पिण्याजोगं पाणी नसेल तर टँकर मागवा.

माल घमेल्यांच्या अंदाजानं कालवू देऊ नका, प्रत्येकाचं घमेलं वेगळं भरतं. सव्वा घनफुटाची फळ्यांची पेटी करून घ्या. सिमेंटची ५० किलोची एक गोणी म्हणजे अशी एक पेटी. विटकामाला गोणीमागं सहा पेट्या वाळू. पट्टीच्या काँक्रीटला गोणीमागं दीड पेटी वाळू, तीन पेट्या खडी आणि पाणी २५ लिटरच्या आत. ओढायला जड जातंय म्हणून कुणी तरी वरून बादली ओततंच. काँक्रीट सैल होतं आणि ताकद तिथंच जाते. कालवलेला माल तासाभरात संपवायचा, जेवून आल्यावर पाणी मारून पुन्हा हलवलेला चालत नाही.

भिंत गवंड्यानंच रचावी आणि त्याला रोजची मजुरी रोज मिळावी. सेवा आपली आहे, त्याची नाही. विटा साडेसहा-सात हजार लागतील. टाकीतल्या पाण्यातून बुडबुडे येणं थांबेपर्यंत त्या भिजवायच्या. कोरडी वीट मालातलं पाणी पिऊन टाकते आणि सांधा भुसभुशीत राहतो. दिवसाला चार फुटांवर भिंत चढवू नका. गर्दी जास्त असली की हाच नियम मोडतो.

आता तुमचं काम. पाणी मारायला कुणी पुढं येत नाही, कारण त्याचा फोटो निघत नाही. शनिवारी सगळे येतात आणि रविवारी उपासना, मग सोमवारपासून भिंत उन्हात एकटी असते. विटकामाला निदान सात दिवस आणि पट्ट्यांना दहा दिवस ओल टिकली पाहिजे. पट्टीवर गोणपाट अंथरून ते सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी भिजवायचं. रोज कोल्हापुराहून जाणं तुम्हाला झेपणार नाही. आई, त्या घरच्या बाईशी तू बोल, कुणी कधी पाणी मारायचं ते घरच्यांत वाटून दे, भिंतीवर तारखा खडूनं लिहून ठेव आणि रोज फोन करून विचार. १९७६ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटीनंही घर मिळणाऱ्या कुटुंबानं स्वतः राबायचं, असंच ठेवलंय. मला ते पटतं. कुठं काय पुरलंय हे त्यांना माहीत असलं तर पुढची डागडुजी ते स्वतः करतात.

पत्रा मृगाआधी चढवा. हुक नेहमी पत्र्याच्या उंचवट्यावर, खोलगट भागात भोक पाडलं की गळतीच. पश्चिमेला दीड-दोन फूट वळचण सोडा, झड तिकडूनच येते.

सरकारी घरकुलाच्या यादीत त्यांचं नाव आहे का, हे ग्रामपंचायतीत पाया खणायच्या आधी विचारा. पैसे हप्त्यानं मिळतात आणि प्रत्येक टप्प्याचा फोटो लागतो. मागाहून मागचा टप्पा दाखवता येत नाही.

सिमेंटला उघडा हात लावू नका, रबरी हातमोजे मी पाठवते. बाबा, मापाची पेटी तुम्हीच करून घ्या, सुताराला आतली मापं सांगा: १५ इंच लांब, १२ रुंद, १२ खोल.

तुमची लेक